'व्यक्ती' म्हणजे कोण? : एका रेल्वे-कराच्या खटल्याची शिकवण

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपणा सर्वांना माहीत आहे. पुढे १९७२ साली मुंबईतल्या दलित तरुणांनी ब्लॅक पँथर या नावावरून आपल्या संघटनेचे नाव घेतले, हेही माहीत आहे. या दोन घटनांच्या मधल्या शंभर वर्षांत अमेरिकेत काय घडले, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. गुलाम मुक्त झाले; त्यांच्यासाठी राज्यघटना बदलली गेली. पण ती बदललेली घटना वापरली कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका कराच्या खटल्यापाशी यावे लागते. खटला होता कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटी आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनी यांच्यामधला. वाद होता रेल्वेच्या मालमत्तेवरील स्थानिक कराचा. विषय वरवर रुक्ष आहे. पण माणसासाठी केलेला कायदा कंपनीच्या हाती कसा जातो, हे या खटल्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून तो कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यायला हवा.

१.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. पण कायद्याने मुक्त झालेला माणूस गावात मुक्त होतोच असे नाही. दक्षिणेतील राज्यांनी लगेच असे कायदे केले की काळ्या मजुराला मळा सोडून जाता येऊ नये, साक्ष देता येऊ नये, जमीन घेता येऊ नये. शिवाय १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला अमेरिकेचा नागरिक होताच येत नाही असे सांगून ठेवले होते. हे सारे मोडून काढण्यासाठी चौदावी घटनादुरुस्ती आली. १८६८ साली ती अमलात आली.

तिच्यातील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. अमेरिकेत जन्मलेला माणूस नागरिक आहे, ही पहिली. कोणत्याही राज्याने आपल्या हद्दीतील कोणत्याही 'व्यक्ती'ला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, ही दुसरी. दुसऱ्या ठिकाणी 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. सारा पुढचा इतिहास या शब्दाभोवती फिरतो.

२.

आता कॅलिफोर्नियात येऊ. पूर्व आणि पश्चिम अमेरिका जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी पूर्ण झाला. त्याचा पश्चिमेकडील भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला. खडक फोडण्याचे, बोगदे खणण्याचे, बर्फात मरण्याचे काम मुख्यतः दहा हजारांहून अधिक चिनी मजुरांनी केले. सरकारने कंपन्यांना जमिनी दिल्या, कर्जरोख्यांच्या रूपाने पैसा दिला. लीलँड स्टॅनफोर्ड, हंटिंग्टन, क्रॉकर आणि हॉपकिन्स हे चार व्यापारी या उद्योगातून अफाट श्रीमंत झाले. सदर्न पॅसिफिकही त्यांच्याच हाती होती. मालवाहतुकीचे दर त्यांनी ठरवायचे आणि शेतकऱ्याने मुकाट द्यायचे, अशी स्थिती झाली.

या मक्तेदारीविरुद्ध मजूर आणि शेतकरी उठले. त्या असंतोषातून १८७९ साली कॅलिफोर्नियाची नवी राज्यघटना तयार झाली. तिने रेल्वेच्या करासंबंधी दोन तरतुदी केल्या. एकाहून अधिक काउंट्यांमधून जाणाऱ्या रेल्वेचा मार्ग, रूळ, डबे, इंजिने इत्यादींची किंमत राज्याच्या मंडळाने ठरवावी आणि ती लांबीच्या प्रमाणात काउंट्यांना वाटून द्यावी, ही एक. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. तेथील शाळा, रस्ते, स्थानिक कारभार यांचा खर्च मालमत्तेवरील करातून चालतो.

दुसरी तरतूद गहाणाविषयी होती. समजा, एका शेतकऱ्याची जमीन हजार डॉलरची आहे आणि तिच्यावर चारशे डॉलरचे गहाण आहे. तर त्याने सहाशेवर कर द्यायचा आणि उरलेल्या चारशेवर सावकाराने. ही सवलत सामान्य मालमत्तेला होती, रेल्वेला नव्हती. रेल्वेने आपल्या मालमत्तेच्या पूर्ण किमतीवर कर द्यायचा होता, तिच्यावर कितीही कर्ज असो. आणि रेल्वेवर कर्ज प्रचंड होते.

कंपनीने कर देण्याचे नाकारले. शेतकऱ्याच्या गहाणाची वजावट होते, आमच्या गहाणाची होत नाही, हा भेदभाव आहे. आम्हीही 'व्यक्ती' आहोत आणि चौदाव्या दुरुस्तीने आम्हाला समान संरक्षण मिळाले पाहिजे, असा तिचा दावा होता. गुलामांच्या मुक्तीसाठी आलेले वाक्य अशा रीतीने कराच्या हिशेबात आणले गेले.

३.

काउंट्यांनी थकलेल्या करासाठी दावे लावले. पहिला महत्त्वाचा दावा सॅन मटेओ काउंटीचा. तो १८८२ साली फेडरल सर्किट न्यायालयात न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांच्यासमोर चालला. फील्ड हे सर्वोच्च न्यायालयाचेही न्यायाधीश होते आणि कॅलिफोर्नियातूनच तेथे गेलेले. स्टॅनफोर्डने १८८५ साली आपल्या नावाचे विद्यापीठ स्थापले तेव्हा त्याच्या पहिल्या विश्वस्तांत फील्ड होते. त्यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनी ही शेवटी भागधारक माणसांचीच बनलेली असते, म्हणून तिला दिलेले संरक्षण हे माणसांनाच दिलेले संरक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे डिसेंबर १८८२ मध्ये कंपनीतर्फे रॉस्को काँक्लिंग उभा राहिला. हा माणूस १८६६ साली चौदाव्या दुरुस्तीचा मसुदा करणाऱ्या समितीचा सभासद होता. त्याने समितीचे तोवर प्रसिद्ध न झालेले कामकाजाचे टिपण न्यायालयात वाचून दाखवले आणि असे सुचवले की 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हणताना समितीच्या मनात कंपन्याही होत्या. ज्याने कायदा लिहिला तोच असे सांगतो म्हटल्यावर त्याला वजन येणारच. ते टिपण पुढे १९१४ साली कोलंबिया विद्यापीठातर्फे छापले गेले. हॉवर्ड जे ग्रॅहम या अभ्यासकाने १९३८ साली ते तपासून दाखवून दिले की काँक्लिंगने सुचवलेला अर्थ त्या टिपणातून निघत नाही.

सॅन मटेओचे प्रकरण कंपनीने रक्कम भरल्यामुळे १८८५ साली निकालाविनाच संपले. मग सांता क्लाराचा खटला पुढे आला. काउंटीतर्फे डेल्फिन डेल्मस याने बाजू मांडली. ही दुरुस्ती दडपलेल्या माणसाला इतर माणसांच्या बरोबरीला आणण्यासाठी आहे. ती कंपनीला माणसाच्या जागी बसवण्यासाठी नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता.

४.

१० मे १८८६ रोजी निकाल लागला. तो एकमताचा होता आणि न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी लिहिला होता. काउंटी हरली. पण कशामुळे हरली?

कुंपणामुळे. लोहमार्ग आणि शेजारची जमीन यांच्यामध्ये कंपनीचे कुंपण होते. राज्याच्या मंडळाने रेल्वेची किंमत ठरवताना कुंपणाचीही किंमत तिच्यात धरली होती. कुंपण हे 'मार्गा'त मोडत नाही, त्याची आकारणी काउंटीच्या अधिकाऱ्याने करायला हवी होती, मंडळाला तो अधिकारच नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. कुंपणाची किंमत एकूण आकड्यातून वेगळी काढता येत नव्हती. म्हणून सगळी आकारणीच रद्द. एवढ्यावर प्रकरण निकालात निघत असल्यामुळे घटनेच्या मोठ्या प्रश्नात जाण्याचे कारण नाही, असेही निकालपत्रात स्पष्ट आहे.

म्हणजे कंपनी ही चौदाव्या दुरुस्तीतील 'व्यक्ती' आहे की नाही, हे या निकालाने ठरवलेच नाही. तरीही हा खटला प्रसिद्ध आहे तो नेमका त्याच गोष्टीसाठी. हे कसे झाले?

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ग्रंथरूपाने छापणारा एक अधिकारी असतो. तो प्रत्येक निकालाच्या वर एक गोषवारा जोडतो. त्या वेळी हे काम बँक्रॉफ्ट डेव्हिस याच्याकडे होते. पूर्वी तो एका रेल्वे कंपनीचा अध्यक्षही होता. युक्तिवादाच्या आरंभी, जानेवारी १८८६ मध्ये, सरन्यायाधीश मॉरिसन वेट तोंडी बोलले होते की समान संरक्षणाचे कलम या कंपन्यांना लागू आहे असे आम्हा सर्वांचे मत आहे, त्यावर युक्तिवाद ऐकण्याची गरज नाही. डेव्हिसने पत्र लिहून विचारले, माझी नोंद बरोबर आहे का? वेट यांनी उत्तर दिले की नोंद पुरेशी बरोबर आहे. पण निकालात आपण घटनात्मक प्रश्न टाळला असल्यामुळे ती छापायची की नाही हे तुम्हीच ठरवा. डेव्हिसने ती छापली.

गोषवारा हा निकाल नव्हे. १९०६ साली त्याच न्यायालयाने एका दुसऱ्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितले. पण तोवर फार उशीर झाला होता. १८८८ आणि १८८९ मध्ये न्यायमूर्ती फील्ड यांनी कंपनी ही व्यक्ती आहे हे गृहीत धरून निकालपत्रे लिहिली, आणि १८८९ च्या निकालात तर सांता क्लारालाच आधार केले. जे कधी वादातून सिद्ध झाले नाही, ते सिद्ध झालेलेच आहे असे मानून पुढचे निकाल रचले गेले.

हे एखादे गुप्त कारस्थान होते असे समजण्याचे कारण नाही, आणि तसा पुरावाही नाही. कंपनीजवळ पैसा होता, वेळ होता, वकील होते. एक खटला हरला तर दुसरा लावण्याची ताकद होती. मुक्त झालेल्या गुलामाजवळ यातले काहीच नव्हते. एवढी विषमता पुरेशी असते. तिला कारस्थानाची गरज नसते.

५.

हे विधान कोणाला कडवट वाटेल. म्हणून त्याच काळातील रेल्वेचे आणखी दोन खटले याच्या शेजारी ठेवून पाहू.

अमेरिकेच्या काँग्रेसने १८७५ साली नागरी हक्कांचा कायदा केला. खाणावळी, नाट्यगृहे, रेल्वे अशा ठिकाणी वर्णावरून कोणाला अडवू नये, असा तो कायदा होता. १८७९ साली टेनेसीमध्ये एका काळ्या स्त्रीला रेल्वे कंपनीच्या माणसाने स्त्रियांच्या डब्यात जाऊ दिले नाही. तिचा दावा इतर चार प्रकरणांबरोबर सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८८३ साली न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. कारण दिले ते असे : चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसाला किंवा कंपनीला नाही.

म्हणजे १८८३ साली काळी स्त्री कंपनीविरुद्ध न्याय मागायला आली तेव्हा कंपनी 'खाजगी' होती. तिला घटनेचे बंधन नव्हते. आणि तीनच वर्षांनी काउंटीने कर मागितला तेव्हा तीच कंपनी घटनेतील 'व्यक्ती' झाली; तिला घटनेचे संरक्षण मिळाले. बंधन नाही, संरक्षण मात्र आहे. यापेक्षा सोयीची जागा कोणती?

तिसरा खटला १८९६ चा, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन. लुइझियाना राज्याने १८९० साली काळ्या आणि गोऱ्या प्रवाशांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. येथे तर भेद करणारे राज्यच होते, खाजगी कंपनी नव्हती. तरीही न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी तो कायदा टिकवला. डबे वेगळे असले तरी सारखे असतील तर समतेला बाध येत नाही, असे म्हटले. गावकुसाबाहेरच्या विहिरीचे पाणी गावातल्या विहिरीसारखेच असते, असे सांगण्यासारखे हे आहे. ज्याला विटाळाचा अनुभव आहे, त्याला यातली लबाडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१८८३ आणि १८९६ या दोन्ही निकालांत एकट्याने विरोधी मत दिले ते हार्लन यांनीच, ज्यांनी सांता क्लाराचा निकाल लिहिला होता. प्लेसीचा निकाल मोडायला १९५४ साल उजाडावे लागले. कंपनीच्या व्यक्तित्वाचा सिद्धांत मात्र न्यायालयाने कधीच मागे घेतला नाही. १९३८ साली न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी एका विरोधी मतपत्रात हिशेब मांडला : चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या पन्नास वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने ती लागू केली अशा प्रकरणांपैकी काळ्या लोकांच्या संरक्षणासाठी तिचा आधार घेतलेली प्रकरणे अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. कंपन्यांसाठी तिचे लाभ मागणारी पन्नास टक्क्यांहून अधिक होती.

६.

यावरून कोणी म्हणेल, 'व्यक्ती' हा शब्दच चुकीचा होता. 'नागरिक' म्हटले असते तर कंपनी आत शिरली नसती. हा निष्कर्ष घाईचा आहे.

ज्या दिवशी सांता क्लाराचा निकाल लागला, त्याच दिवशी, १० मे १८८६ रोजी, त्याच न्यायालयाने यिक वो विरुद्ध हॉपकिन्स हा खटलाही निकालात काढला. सॅन फ्रान्सिस्को शहराने नियम केला होता की लाकडी इमारतीत धुलाईचा धंदा करायचा तर मंडळाची परवानगी घ्यावी. शहरातल्या सुमारे ३२० धुलाईघरांपैकी ३१० लाकडीच होती आणि बहुतेक चिनी लोकांची होती. दोनशेहून अधिक चिन्यांना परवानगी नाकारली गेली. चिनी नसलेल्या सुमारे ऐंशी जणांना ती मिळाली. नियमात चिनी हा शब्दही नव्हता. न्यायालयाने म्हटले की नियम दिसायला समान असला तरी त्याचा अंमल दुष्टाव्याने होत असेल तर तो समतेचा भंग आहे. आणि चिनी माणूस नागरिक नसला तरी 'व्यक्ती' आहे. 'नागरिक' हा शब्द असता, तर हे धुलाईवाले उघड्यावर पडले असते. तेव्हा दोष शब्दाच्या व्यापकतेचा नाही.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे पाहायला हवी. रेल्वेवर कर बसवणारी १८७९ ची घटना आपण जनतेचा विजय म्हणून वाचतो. पण तिच्यामागे असलेल्या डेनिस कर्नीच्या मजूर पक्षाची मुख्य घोषणा चिन्यांना हाकलून द्या, अशी होती. त्याच घटनेत कंपन्यांनी चिनी मजूर ठेवू नयेत असे कलम होते. ज्यांनी लोहमार्ग बांधला, त्यांना मक्तेदारीविरोधी लढ्यात जागा नव्हती. उलट त्यांनाच शत्रू ठरवले गेले. १८८२ साली तर काँग्रेसनेच चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. हार्लन यांच्यासारख्या न्यायाधीशाने प्लेसीतील विरोधी मतातसुद्धा चिनी लोकांविषयी तुच्छतेने लिहिले आहे. वरच्याशी लढताना खालच्याला लाथ मारणारी चळवळ आपण इकडेही पाहिलेली आहे.

७.

या इतिहासाशी आपला संबंध केवळ सहानुभूतीचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन हे करशास्त्राचे मोठे पंडित. कंपन्यांवरील कर हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवहारावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. कर कोणी द्यायचा आणि तो कोणासाठी खर्च व्हायचा, हा प्रश्न बाबासाहेबांना कधीच रुक्ष वाटला नाही.

गोलमेज परिषदेत त्यांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात कोणती तरतूद कोठून घेतली हे नमूद केले होते. त्यात अमेरिकेची चौदावी दुरुस्ती आहे, तसेच १८६६ आणि १८७५ चे नागरी हक्कांचे कायदेही आहेत. म्हणजे अमेरिकेच्या न्यायालयाने १८८३ साली जो कायदा मोडून टाकला, तोच बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या हक्कांसाठी पुढे ठेवला.

भारताच्या संविधानात याचे फळ दिसते. कलम १४ मधील समान संरक्षणाचे शब्द अमेरिकेच्याच वळणाचे आहेत. पण आपले संविधान तेथे थांबत नाही. कलम १५ चा दुसरा भाग दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई करतो. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, आणि ती पाळणारा सरकारी माणूस आहे की खाजगी, असे विचारत नाही. १८८३ साली ज्या फटीतून रेल्वे कंपनी निसटली, ती फट येथे बुजवलेली आहे.

पण दुसरे दार उघडे राहिलेच. संविधान अमलात येऊन वर्ष होण्याच्या आत, डिसेंबर १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयात सोलापूरच्या गिरणीचे प्रकरण निकालात निघाले. सोलापूरकर जिला जुनी मिल म्हणतात ती गिरणी १९४९ साली मालकांनी बंद केली. सरकारने कारभार ताब्यात घेतला, तेव्हा एका भागधारकाने समतेच्या कलमाचा आधार घेऊन आव्हान दिले. त्या वेळी सरकार जिंकले. पण मूलभूत हक्क हे ज्यांचे स्वरूपच तसे आहे ते सोडता कंपन्यांनाही मिळू शकतात, असे त्या निकालात नोंदले गेले. तीन वर्षांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, त्याच गिरणीच्या दुसऱ्या एका प्रकरणात मालमत्तेच्या हक्काखाली तो कायदाच रद्द झाला. गिरणी बंद पडल्यामुळे ज्या कामगारांची चूल विझली, त्यांचा हक्क या निकालांच्या केंद्रस्थानी नव्हता.

एप्रिल १९५१ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध चंपकम दोराईराजन या खटल्यात मागासलेल्या जातींना महाविद्यालयांत जागा देणारा मद्रास सरकारचा आदेश, मूलभूत हक्कांच्याच नावाने, रद्द झाला. तो उंबरठा ओलांडायला त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५ ला चौथा भाग जोडावा लागला. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. शब्द लिहून भागत नाही, तो राखावा लागतो, हे त्यांना त्या दीड वर्षातच पाहावे लागले.

८.

सांता क्लाराच्या खटल्यापासून घेण्यासारखे आहे ते एवढेच. समतेचे कलम हे ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या घरी आपोआप जात नाही. जो न्यायालयाची पायरी वारंवार चढू शकतो, त्याच्याकडे ते आधी जाते. तेव्हा समतेच्या नावाने एखादा निकाल लागला की आपण तीन गोष्टी विचारायच्या. दाद मागणारा कोण होता? निकालात खरोखर काय ठरले, आणि वर्तमानपत्राने किंवा गोषवाऱ्याने काय ठरले म्हणून सांगितले? आणि जो माणूस डोळ्यांसमोर ठेवून कायदा झाला, तो त्या दिवशी न्यायालयात होता की बाहेर?

यासाठी आपल्या तरुणांनी कायदा शिकला पाहिजे, आणि भाषणापुरता नव्हे. निकालपत्र मुळातून वाचण्याची सवय शिक्षकांनी वर्गात लावली पाहिजे. कार्यकर्त्याला आपल्या नगरपालिकेचा, जिल्हा परिषदेचा कर कोणावर किती आहे, कोणाला सूट आहे, कोणाची थकबाकी आहे आणि वस्तीच्या शाळेला त्यातले किती मिळते, हे सांगता आले पाहिजे. सांता क्लारात सगळा कर एका कुंपणाच्या किमतीवरून बुडाला. कंपनीच्या वकिलांनी ते कुंपण शोधून काढले होते, कारण त्यांनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचले होते. आपणही ते वाचले पाहिजेत.